बंद म्हणजे भिंतीवर बंद

अप्पा,

मंगळवार, सहा जानेवारी, सकाळी दहा वाजून दहा मिनिटं. तक्रारीत आधी वेळ आणि मग रडगाणं, हे मला कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरनी शिकवलं आणि पुढे टेलिफोनच्या तक्रार विभागात मी नोकरीभर लोकांना शिकवत राहिले. तर त्या वेळी, हेब्बाळच्या माझ्या घरात, मी माझा कॉम्प्युटर सुरू केला आणि त्याने नेहमीचं चित्र दाखवायच्या ऐवजी काळ्या पडद्यावर पांढऱ्या इंग्रजीत मला नोटीस बजावली. एका डिस्कची तपासणी होणं आवश्यक आहे. टाळायची असल्यास कोणतंही बटण दाबा. खाली आकडे उलटे पळत होते, शाळेच्या पटांगणावर शिक्षा करायच्या आधी सिस्टर मोजायच्या तसे. 'तपासणी होणं आवश्यक आहे' म्हणे. कोणाला आवश्यक आहे? कोणी ठरवलं? वाक्याचा कर्ता कुठे पळाला? ज्याला आपलं नाव पुढे करायचं नसतं तो असं बोलतो, हे मी खात्यातल्या साहेबांच्या पत्रांत आयुष्यभर वाचलंय. मी बटण असं दाबलं की शेजारचा चहा बशीत आला. आणि हे त्या दिवशीच झालं असंही नाही. दिवाळीपासून रोज सकाळी तो मला हेच विचारत होता आणि रोज सकाळी मी त्याला गप्प करत होते.

वर नुसतं 'अप्पा' लिहिलंय, तीर्थरूप वगैरे नाही, त्याला कारण आहे. शाळेत पत्रलेखनाच्या तासाला मी 'डिअर फादर' असं लिहिलं, तेव्हा सिस्टरनी चष्म्यावरून बघत विचारलं होतं, कोणते फादर? मी घरी येऊन हे सांगितल्यावर तुम्ही आठवडाभर जेवायला बसताना मला 'वाढा, सिस्टर' म्हणत होतात. तेव्हापासून मायना हा प्रकार मी सोडून दिला. कॉम्प्युटर म्हणजे काय हेही समजावत बसत नाही. तुमच्या नोकरीच्या शेवटी शेवटी पीण्या इंडस्ट्रियल एरियातल्या तुमच्या कारखान्यात पडदा असलेलं एक मशीन आलं होतं आणि तुम्ही त्याच्याकडे नव्या जावयाकडे बघावं तसे बघत होता. तसंच समजा. माझ्या कॉम्प्युटरवर मी पत्रं लिहिते. आमच्या इमारतीतल्या लिफ्टबद्दल, कचऱ्याबद्दल, तळ्याच्या बाजूने येणाऱ्या डासांबद्दल. आमचे सेक्रेटरी मला जिन्यात पाहिलं की लिफ्टने जातात आणि लिफ्टमध्ये पाहिलं की जिन्याने.

त्या मंगळवारी मी मुलाला फोन केला. तुमचा नातू आता शहराच्या दुसऱ्या टोकाला, व्हाइटफील्डला राहतो. तिथून हेब्बाळला यायला त्याला इतका वेळ लागतो की तेवढ्यात तुम्ही बेळगावची निम्मी वाट कापली असतीत, त्यामुळे तो येत नाही, फोन करतो. मी त्याला म्हटलं, "तुझ्या या यंत्राचा माझ्यावर विश्वास नाही."

"आई, तू नीट शट डाउन करत नाहीस. म्हणून येतं ते."

"मी रोज करते."

"करतेस असं तुला वाटतं."

असं तुला वाटतं. अप्पा, तक्रार विभागात मी कुणालाही, अगदी बिल न भरता फोन बंद का म्हणून भांडायला आलेल्यालाही, हे तीन शब्द कधी ऐकवले नाहीत. मी काही बोलायच्या आत त्याने पुढचं काढलं. परवा उतू जाऊन करपलेलं दूध, मागच्या महिन्यात बाहेरून दारालाच राहिलेली किल्ली. मग आवाज मऊ करून म्हणाला, "शनिवारी आपण एकदा डॉक्टरांना दाखवू. नुसती तपासणी गं. आणि इकडची खोली तयारच आहे. तू एकटी का राहतेस तिकडे?"

"कसली तपासणी?"

"मेमरीची."

"तू जन्मलास तेव्हा नर्सच्या कोणत्या पायातला मोजा फाटका होता ते सांगू?"

"जुनं सगळं आठवतं, आई," तो म्हणाला. "आजोबांनाही आठवायचं."

मी फोन ठेवला आणि कॉम्प्युटरपुढच्या खुर्चीत बसले. एकटीने राहायचं की मुलाच्या घरातल्या 'तयार' खोलीत जायचं, माझ्या दाराची किल्ली माझ्या हातात राहायची की नाही, हे सगळं आता एका काळ्या पडद्यावर येऊन ठेपलं होतं. मी रोज शट डाउन करत होते. मला नक्की आठवत होतं. पण नक्की तर तुम्हालाही आठवायचं.

राजाजीनगरच्या घरातली तुमची शेवटची वर्षं. तुम्ही सकाळी उठता. अंगात बंडी, पायात काही नाही. चूळ भरायच्याही आधी तुमची फेरी सुरू होते. भिंतीवरच्या प्रत्येक बटणाला बोट लावायचं. मग स्वयंपाकघरात येऊन आईच्या ग्राइंडरचा दगड हाताने एकदा पूर्ण फिरवायचा, कान जवळ नेऊन ऐकायचं आणि सगळं ठीक असलं की कारखान्यातल्या कानडीत म्हणायचं, "सरी." शिलाई मशीनचं चाक एक फेरा, सरी. टेबलफॅनचं पातं एक फेरा, सरी. आई पोळपाटावरून न उठता म्हणायची, "ते सगळं काल रात्रीच बघून झालंय तुमचं." तुम्ही तिच्याकडे असे पाहायचात, जणू काल रात्र ही गोष्ट तुम्हाला कुणीतरी ऐकीव सांगतं आहे. आणि फेरीच्या शेवटी मी. ऑफिसला निघायच्या घाईत, केसांत अर्धी पिन. तुम्ही माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवायचात, एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. तुमची अर्धी करंगळी माझ्या जबड्याखाली टोचायची. "अप्पा, बस चुकेल," मी म्हणायचे. काही सकाळी तुम्हाला माझं नाव सापडत नसे. तरी शेवटी तुम्ही म्हणायचात, "सरी," आणि हात खाली घ्यायचात. मग मी सुटायचे.

मंगळवारी मी त्या खुर्चीत बसून याच सगळ्याचा विचार करत होते, आणि हे कबूल करायला माझं काही जात नाही, की मी तीनदा उठून दाराची किल्ली जागेवर आहे का ते पाहून आले.

गुरुवारी खालच्या मजल्यावरची मुलगी आली. पुण्याची आहे, इकडे येऊन जेमतेम वर्ष झालंय, दिवसभर घरूनच कसलं तरी सॉफ्टवेअरचं काम करते आणि मराठी बोलायला मिळावं म्हणून माझ्याकडे येते. बोलते मात्र निम्मं इंग्रजी. तिला बाथरूमच्या गळतीबद्दल घरमालकाला खरमरीत पत्र हवं होतं. मी म्हटलं, पत्र देते, पण आधी हे बघ. तिने सगळं ऐकून घेतलं. 'असं तुम्हाला वाटतं' असं म्हणाली नाही, म्हणून ती मला आवडते.

"काकू, तुम्ही रोज करता ना, अगदी तस्सं करून दाखवा," ती म्हणाली. "मी इथे नाहीच असं समजा."

मी दाखवलं. पडद्यावरच्या खिडक्या बंद केल्या, बाण कोपऱ्यात नेऊन शट डाउन दाबलं, हात मांडीवर ठेवून थांबले. पडदा काळा झाला. मी उठले आणि भिंतीवरचं बटण खटकन बंद केलं.

"काकू! हे काय केलंत?"

"काय म्हणजे? बंद केलं."

"अहो, टेबलाखाली बघा ना! म्हणजे आता काय बघणार, गेला तो. डब्यावर हिरवा दिवा होता. पडदा आधी जातो काकू, आतला डबा अजून आवरत असतो. तुमचा तर बिचारा म्हातारा आहे, त्याला वेळ लागतो. तुम्ही रोज त्याला आवरता आवरता मारताय!"

"मी कुणाला मारत नाही. खोली सोडताना भिंतीवरचं बटण बंद करायचं असतं."

"कोणी सांगितलं?"

अप्पा, कोणी सांगितलं? 'बंद म्हणजे भिंतीवर बंद.' शाळेत असताना एकदा करंट गेला आणि मी रेडिओ तसाच सोडून खेळायला पळाले. करंट परत आला आणि रिकाम्या घरात रेडिओ बोंबलत राहिला, शेजारच्या अक्कांना वाटलं चोर शिरलेत आणि गाणी ऐकतायत. त्या संध्याकाळी तुम्ही मला स्वयंपाकघरात उभं केलंत, आईच्या चुलीसमोर, आणि तुमची ती अर्धी करंगळी माझ्या डोळ्यांपुढे धरलीत. ओरडला नाहीत. ओरडला असतात तर मी विसरलेही असते. फक्त म्हणालात, "करंट जातो तेव्हा तो मेलेला नसतो. बाहेर गेलेला असतो. सांगून येत नाही. बंद म्हणजे भिंतीवर बंद." त्यानंतर मी इस्त्री, पंखा, मिक्सर, टीव्ही, पाहुण्यांच्या मोबाइलचे चार्जर, सगळं भिंतीवर बंद करत आले. सुटीवर गेलेल्या शेजाऱ्यांचंही.

मुलीला हे सांगितलं तर ती खुर्चीवर मागे रेलून हसायला लागली. मला राग येणार होता. मग म्हणाली, "काकू, चूक तुमचीच आहे. पण विसरण्याची नाहीये. उलट तुम्ही टू मच लक्षात ठेवता!"

मी तिला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. दोनदा. मग चहा टाकला, आलं घालून, आणि दुधापाशी उभी राहिले.

चहा पिता पिता तिने मला समजावलं की तो रोज सकाळी तपासणी का मागतो. "तो तुम्हाला ब्लेम करत नाहीये, काकू. काम सुरू झालं की तो डिस्कवर स्वतःसाठी एक खूण करून ठेवतो, की बाबा, उघडलंय, काम चाललंय. सगळं जागच्या जागी लिहून झालं की ती खूण स्वतःच पुसतो आणि झोपतो. मधेच करंट गेला तर पुसायला वेळच मिळत नाही. मग सकाळी उठल्यावर त्याला ती खूण दिसते. त्याला बाकी काहीच माहीत नसतं हो. रात्री काय झालं, कुणी बंद केलं, काही नाही. फक्त एवढंच कळतं, की काल नीट संपलेलं नाही. एखादी गोष्ट अर्धी लिहिलेली असेल, एखादीचं नाव आहे पण ती जागेवर नाही, असं असू शकतं. म्हणून तो सगळीकडे एकदा फिरून बघतो. बास."

"मग रोज का? एकदा बघावं आणि गप्प बसावं."

"तुम्ही बघू देताय का? रोज बटण दाबून टाळता. तपासणी पुरी झाल्याशिवाय खूण पुसणार कशी?"

काल नीट संपलेलं नाही. मी कप हातात धरून बसले आणि मला एकदम पीण्याच्या कारखान्यातलं तुमचं शेड दिसलं. मी नुकतीच नोकरीला लागले आहे, तुम्ही डबा घरी विसरला आहात, आणि मी तो द्यायला येते. सगळी लेथ मशिनं एका सुरात चालली आहेत आणि एकदम करंट जातो. अख्खं शेड मुकं होतं. त्या अंधारात तुमचा आवाज: "बटण!" खट, खट, खट, एकेक बटण बंद होत जातं. मी डबा घेऊन दारातच उभी. थोड्या वेळाने वरचे दिवे येतात. पण कुणीही मशीन चालू करत नाही. तुम्ही पहिल्या मशीनपाशी जाता, त्याचं डोकं हाताने धरून सावकाश एक पूर्ण फेरा फिरवता, ऐकता. सरी. त्या मशीनवरचा माणूस बटण दाबतो. मग दुसऱ्यापाशी. एकजण कुरकुरतो, "अण्णा, स्वल्प लवकर की. जेवायची वेळ झाली." तुम्ही त्याच्याकडे न बघता म्हणता, "मशीन मधेच गप्प बसलंय. कुठं बसलंय ते त्यालाही ठाऊक नाही. आधी विचार त्याला. मग चालव." फार पूर्वी एकदा तुम्ही विचारलं नव्हतं. करंट गेला म्हणून लोखंडाचा कीस काढायला हात आत घातला होता, आणि करंट सांगून आला नाही.

तर अप्पा, राजाजीनगरला रोज सकाळी तुम्ही काय करत होता हे मला या गुरुवारी, एका पुणेरी मुलीच्या निम्म्या इंग्रजीतून कळलं. आम्ही समजत होतो, तुम्ही विसरलात म्हणून तेच तेच करता. तुम्ही विसरलात हे खरंच होतं. काल रात्र कशी संपली ते तुम्हाला आठवत नसे. पण काल नीट संपलं नाही, ही खूण तेवढी दिसत असे. आणि तसं झालं तर काय करायचं हे तुम्ही विसरला नव्हतात. सगळीकडे जायचं. हाताने एक फेरा. ग्राइंडर आहे, चाक आहे, पातं आहे, लेक आहे. सरी. मग दिवस चालू.

शुक्रवारी सकाळी नोटीस आली तेव्हा मी हात मागे बांधून उभी राहिले. आकडे शून्यावर आले आणि तपासणी सुरू झाली. तिला अख्खी सकाळ लागली. मी बाजूला अवरेकाळूच्या, म्हणजे इकडच्या पावट्याच्या, शेंगा सोलत बसले; हे दिवस त्यांचेच, घरभर त्यांचा वास होता. पडद्यावर ओळी सरकत होत्या. मधे काही ओळींत 'दुरुस्त केलं' असं आलं, म्हणजे अर्धवट राहिलेलं काहीतरी होतंच. मग तो आपला आपण उठला, नेहमीचं चित्र दाखवलं, आणि गप्प. दुपारी मी शट डाउन केलं आणि टेबलाखाली वाकून हिरवा दिवा विझेपर्यंत थांबले. गुडघ्यांनी तक्रार केली, ती मी नोंदवून घेतली नाही. मग भिंतीवर बंद केलं. शनिवारी सकाळी नोटीस नव्हती.

शनिवारी मी डॉक्टरांकडेही गेले. मुलाला वाटलं होतं मी भांडेन; मी साडी नेसून त्याच्या आधी खाली उभी होते. गाडीत मी त्याला बटणाची सगळी हकीकत सांगितली. तो म्हणाला, "मग आता कॅन्सल करू का?" मी म्हटलं, "नको. टाळलं की रोज विचारत राहतो." डॉक्टर तरुण होता. मला विचारलं, आज तारीख काय? मी म्हटलं, दहा जानेवारी, पण तुमच्या बाहेरच्या भिंतीवर अजून डिसेंबर आहे, ते पान फाडा आधी, नाहीतर तुमचे निम्मे पेशंट नापास होतील. मुलाने कपाळाला हात लावला. पेरू, चावी, नदी असे शब्द दिले, मधे भलतंच काही विचारलं आणि मग ते शब्द परत मागितले. मी दिले, उलट क्रमानेही दिले. घड्याळ काढायला सांगितलं. काढलं. शेवटी म्हणाला, "वयाच्या मानाने फारच छान." वयाच्या मानाने! पण मी ते सोडून दिलं. मला खूप हलकं वाटत होतं. वर्षभरात पुन्हा एकदा दाखवा म्हणाला, तर त्यालाही हो म्हटलं.

बाहेर येऊन आम्ही मायलेकांनी डोसा खाल्ला. मुलगा चटणीत बोट फिरवत होता. मग म्हणाला, "राजाजीनगरला राहायचो तेव्हा आजोबा रोज सकाळी माझीही हनुवटी धरायचे. आठवतं तुला? मला वाटायचं सगळ्यांचे आजोबा असंच करतात." मी म्हटलं, आठवतं. तो म्हणाला, "मी घाबरलो होतो, आई." आणि खोलीचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. मी त्याला माझ्या दाराची दुसरी किल्ली दिली. माझी दारालाच राहून हरवली तर एक तुझ्याकडे असू दे, म्हटलं.

आज रविवार. हे मी त्याच कॉम्प्युटरवर लिहिते आहे. छापणार नाही. तुमचा पत्ता माझ्याकडे नाही, आणि पोस्टातल्यांना मी आधीच पुरेसा त्रास दिलेला आहे. तक्रार मात्र मागे घेतलेली नाही. दिवाळीपासून जे झालं ते तुमच्या एका नियमामुळे झालं, आणि त्याचं उत्तर तुमच्याच दुसऱ्या नियमात होतं, ते तुम्ही जाण्यापूर्वी नीट समजावून सांगायला हवं होतं.

एक गोष्ट मुलाला सांगितली नाही, त्या मुलीलाही नाही. आज सकाळी चूळ भरायच्या आधी मी आरशासमोर उभी राहून स्वतःची हनुवटी धरून पाहिली. उजेडाकडे, एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. सगळं जागच्या जागी होतं. पण पुढचा शब्द काही तोंडातून निघेना. तो आपला आपण म्हणायचा नसतो, दुसऱ्याने म्हणायचा असतो.

तेव्हा संक्रांतीच्या आदल्या दिवशी, मंगळवार तेरा तारखेला, संध्याकाळी पाचच्या आत मला तुमचं उत्तर मिळालं पाहिजे. लेखी. एकच शब्द पुरेल.